सातव्यांदा हात फिरवल्यावर

"खा, तूच खा. आपल्याच्यानं नाही होत हे. करवतीचं काम आहे."

स्वयंपाकघराच्या दाराआडून वडिलांचं हे पुटपुटणं ऐकू आलं तेव्हा ती एका पायात चप्पल आणि एक पाय मोकळा अशी उभी होती. बोलणं तिच्याशी नव्हतं. नवरा आणि लेक अजून बाहेर होते, म्हणजे ते मुकादमाशी असणार. मुकादम म्हणजे त्यांचा बोका, करड्या अंगाचा, पांढऱ्या पायांचा. दिवसातून दोनदा शेपूट उभी करून सगळ्या खोल्या फिरायचा, कोण काय करतंय ते बघायचा आणि काही पसंत पडलं नाही असा चेहरा करून परत यायचा, म्हणून मुकादम. ती आत गेली तर वडील खिडकीशी बसलेले, तोंडावर रुमाल, पुढ्यात भाजलेला पाव. पावाच्या कडा वेगळ्या काढलेल्या आणि मुकादम टेबलावर चढून त्यांच्यावरचं लोणी चाटतोय. "काय म्हणत होतात, बाबा?" तिनं विचारलं. रुमाल खिशात गेला. "काही नाही," ते म्हणाले. हल्ली त्यांचं सगळं या 'काही नाही'पाशीच येऊन थांबायचं. तिला टेबलावर चढलेल्या बोक्याचा राग यायला हवा होता, पण आला तो हेवा. एका दमात तीन वाक्यं, आणि तीही कोणाला, तर याला.

त्याच संध्याकाळी मुकादम तिला चावला. तसं काहीही झालेलं नव्हतं. ती कोचावर बसली होती, तो आपण होऊन मांडीवर आला होता, तिचा हात त्याच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत फिरत होता आणि त्याची घुरघुर तिच्या पोटाला लागत होती, कामावरच्या पॉलिशच्या छोट्या मोटरसारखी. तिचं मन तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारात होतं. त्या गुरुवारी वडिलांना विसरभोळेपणाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. 'विसरभोळेपणा' हा नवऱ्यानं शोधून काढलेला शब्द. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा खरा शब्द लांबलचक आणि थंड होता, तो घरात कोणी उच्चारत नव्हतं. हात फिरत होता, गुरुवार जवळ येत होता, आणि एकाएकी अंगठ्याखालच्या मांसल भागात दात रुतले. घुरघुर बंद. तिच्या तोंडून "अगं आई गं" निघालं. तोवर तो मांडीवरून उतरून हातभर अंतरावर बसला होता आणि पुढचा पाय चाटत होता, एखाद्या कागदावर सही करून तो पुढे सरकवून द्यावा तसा निवांत.

"माझ्याकडे बघू नकोस," तेवढ्यात दारातून आत आलेला नवरा म्हणाला, "मी त्याला काही शिकवलेलं नाही." नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या काळोख्या विहिरींत लोंबकळून आल्यावर त्याला घरी विनोद सुचायचे. लेक मागोमाग आली, तिनं हात धरून उजेडात नेला, औषध लावलं आणि म्हणाली, "तू थांबतच नाहीस, आई."

"म्हणजे?"

"काही नाही," लेक म्हणाली. आजोबांचा शब्द नातीनंही उचलला होता.

दुखणं थोडंच होतं, आश्चर्य मोठं होतं. आणि आश्चर्य ही तिची जुनी खोड. यंत्र बंद पडलं की बाकीची माणसं वैतागतात, हिला मात्र ते का बंद पडलं हे कळेपर्यंत जेवण गोड लागायचं नाही. याच खोडीवर तिचं पोट चाललं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती कवळ्या बनवण्याच्या जागी प्लॅस्टरची भांडी धुवायला म्हणून लागली. भांडी धुता धुता बघत राहिली. आज तिथल्या लांब टेबलाशी खिडकीजवळची जागा तिची होती आणि शहरातले चार-पाच दातांचे डॉक्टर मापं पाठवताना चिठ्ठीवर खूण करायचे, हे ताईंकडेच द्या. शाळेच्या पुढचा कुठला कागद तिच्याकडे नव्हता. पण प्लॅस्टरचा जबडा हातात घेतला की माणूस कोणत्या बाजूनं चावतो, झोपेत दात खातो का, एवढंच काय, चिडका आहे की सोसणारा, हेही आपल्याला कळतं असं तिला वाटायचं. तर अंगठ्याखालच्या चार ठिपक्यांकडे तिनं त्याच नजरेनं पाहिलं. वरचे दोन सुळे, खालचे दोन. अंतर सारखं. खोली नाममात्र. मनात आणलं असतं तर त्यानं आरपार केलं असतं. म्हणजे चावताना त्यानं माप ठेवलं होतं. रागात माणसालाही माप ठेवता येत नाही, मग हा राग नव्हे. मग काय?

पुढचे काही दिवस ती या 'काय'च्या मागे लागली. भूक म्हणावी तर बशी भरलेली. हाताला कामावरच्या रसायनाचा वास येत असेल, म्हणून तिनं तीन वेळा साबण लावून हात धुतले, लिंबू चोळलं. मुकादमानं हात हुंगला, शिंकला, मांडीवर बसला आणि थोड्या वेळानं चावला. मग तिला वाटलं, याचाच दात दुखत असणार. दात दुखणारा जीव काहीही करतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? आणि इथं तिनं जे केलं ते तिच्या धंद्यातल्याच माणसाला सुचावं. तोंड उघडून कोणतं मांजर दात दाखवतं? म्हणून तिनं कामावरून गुलाबी मेणाची पट्टी आणली, कोमट पाण्यात मऊ केली, माशांच्या डब्यातलं तेल तिला चोळलं आणि मुकादमापुढे धरली. त्यानं पट्टीकडे, मग तिच्याकडे असं पाहिलं की या बाईला आता घरी बसवायला हवं. मग एकदाच, नीट, चावला. "तू ठार वेडी आहेस," लेक हसून हसून जमिनीवर बसली. वडीलही हसले. म्हणजे त्यांचे खांदे हलले. तोंडावर रुमाल होता.

त्या ठशात तिनं प्लॅस्टर ओतलं. नखाएवढ्या दातांची चिमुकली रांग तयार झाली, सुळे सुईसारखे, कुठे टवका नाही, कुठे भेग नाही. ठणठणीत. दुसऱ्या दिवशी कामावर तो साचा हातोहात फिरला. "ताई, गिऱ्हाईक कोण?" पॉलिशवाल्यानं विचारलं. "मिशा भारी दिसतायत." जागेचा मालक हा उतारवयातला, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं भिंग डोळ्याला लावून साचा फिरवून फिरवून पाहिला. "बाइट छान घेतलाय," तो म्हणाला. वरचे-खालचे दात मिटल्यावर कुठे आणि किती उंचीवर भेटतात त्याला ते बाइट म्हणत. सगळी कवळी त्यावर उभी असते. "एकदम नैसर्गिक. जबरदस्ती नाही कुठे."

"असणार कशी?" पॉलिशवाला म्हणाला. "गिऱ्हाईकानं स्वतःच्या मनानं तोंड मिटलंय. नाहीतर घरचं गिऱ्हाईक म्हटलं की..."

"तू आधी तुझं पॉलिश बघ रे," मालक म्हणाला.

मोटर सुरू झाली. दाराखालच्या फटीतून वाऱ्याची झुळूक यावी आणि पायांना ती क्षणभर गार लागावी, तसं तिला काहीतरी लागलं. पण तिचं लक्ष मांजरात होतं. दात दुखत नाहीत, भूक नाही, वास नाही, राग नाही. मग हा मला नेमकं काय म्हणतो?

शनिवारी मुकादमाला टोपलीत घालून ती प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर लेकीपेक्षा फार मोठी नसेल, कोपरांपर्यंत ओरखडे, बोलणं झपाझप. तिनं मुकादमाला टेबलावर घेतलं, तोंड पाहिलं, पाठीचा एकेक मणका दाबून पाहिला. मग, "तुम्ही नेहमी करता तसा हात फिरवा बघू," म्हणाली आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभी राहिली. तिनं हात फिरवला. मुकादम घुरघुरला. ती फिरवत राहिली. "आता शेपटीचं टोक बघा," डॉक्टर म्हणाली. टोक एकदाच हललं होतं, बोटानं टेबलावर ताल धरावा तसं. "थांबू नका. कान." कान किंचित बाजूला वळले होते. "आता पाठ." पाठीच्या कातडीवरून एक लाट सरकून गेली, पाण्यावरून वारा जावा तशी. "आता मात्र थांबा, नाहीतर मला टिंचर काढावं लागेल."

ती थांबली. मुकादमानं तिच्याकडे पाहिलं. तो उठला नाही, चावला नाही. चारही पाय अंगाखाली घेऊन बसून राहिला.

"पण तो घुरघुरत होता," ती म्हणाली, फसवलं गेल्यासारखी. "म्हणजे आवडत होतं ना त्याला?"

"आवडत होतंच. आवडत होतं आणि नको झालं. दोन्ही खरं." डॉक्टर हात धुऊ लागली. "लोक म्हणतात, अचानक चावलं. अचानक काही नसतं हो. चावा हे त्याचं शेवटचं वाक्य. आधीची तीन तुम्हाला ऐकू आलेली नसतात. तुमचा नशीबवान आहे, मला विचाराल तर. चावतो म्हणजे तुम्ही ऐकाल असं त्याला वाटतं. माझ्याकडे अवघड केस येतात त्या न चावणाऱ्या. सगळं सोसतात, शहाण्यासारखं बसून राहतात आणि एक दिवस मालक म्हणतात, खाणं सुटलंय, कोपऱ्यात बसतं, वय झालं वाटतं."

टोपली मांडीवर घेऊन ती बसमधून घरी आली तेव्हा तिला एखादी नवी भाषा येऊ लागल्यासारखं झालं होतं. त्या आठवड्यात तिनं मोजून पाहिलं. पहिल्या तीन वेळा हात फिरवला की मुकादम पाठ उंचावून हात मागून घ्यायचा. चौथ्याला पाठ सपाट. पाचव्याला टोक. सहाव्याला कान. सातव्याला ती लाट. आठवा हात म्हणजे दात. इतकं साधं, घड्याळासारखं. आणि ती इतके दिवस न मोजता हात फिरवत बसली होती, कारण तिचा हात मांजरासाठी फिरतच नव्हता, तिच्या स्वतःच्या डोक्यातल्या गुरुवारासाठी फिरत होता. आता ती सहाव्याला हात उचलायची आणि हवेत धरून ठेवायची. बहुतेक वेळा तो तिथंच राहायचा. एकदा तर त्यानं डोकं आणून तिच्या थांबलेल्या हाताला घासलं. हे तिनं कामावर सांगितलं, शेजारणीला सांगितलं, नवऱ्याला दोनदा सांगितलं. "हो, कालही सांगितलंस," नवरा म्हणाला, आणि तिनं बघितलं, त्याच्या डाव्या पायाचा अंगठा चादरीखाली एकदा हलला. ती गप्प झाली. नवऱ्यानं डोळे उघडले. "बरी आहेस ना?" त्यानं विचारलं.

असा हा खेळ सुरू झाला. माणसांच्या शेपट्या. लेक अभ्यास करताना तिच्या खोलीत जाऊन केस सारखे केले की तिच्या पेनाची टोपी टकटक वाजते. पॉलिशवाल्याचा कान खरोखरच हलतो, मालक जवळ येऊन उभा राहिला की. मालक स्वतः खोटं बोलायचं असेल तेव्हा भिंग पुसतो. हे दिसू लागलं तशी तिला गंमत वाटत होती, एखाद्या घराच्या भिंतीच काचेच्या झाल्यासारखी. गंमत पुरली पाच-सहा दिवस. मग मंगळवारी, गुरुवारच्या दोन दिवस आधी, सगळे एकत्र जेवायला बसले. नवऱ्यानं शेजारी त्या डॉक्टरांकडून आलेला छापील कागद ठेवला होता, त्यातले प्रश्न घरच्यांनी भरून न्यायचे होते. तो एकेक वाचत होता, आवाज उगाच हलका ठेवून. "बोलणं कमी झालं आहे का? हो म्हणावं लागेल. जेवण कमी झालं आहे का? हो. माणसांत बसणं टाळतात का?" वडील समोरच बसले होते, जणू भरत होते तो कागद शेजाऱ्यांचा होता. त्यांनी सूप घेतलं. लेकीनं न सांगता सफरचंद घेतलं आणि त्याच्या इतक्या पातळ चकत्या केल्या की आरपार दिवा दिसावा, आणि आजोबांच्या बशीत ठेवल्या. वडिलांनी एक चकती तोंडात ठेवली, चावली नाही, विरघळायची वाट पाहत बसले. आणि त्यांचा अंगठा वर आला, कानाखाली, जबड्याचा कोपरा जिथं वळतो तिथं टेकला, दाबला, आणि खाली गेला.

शेपटीचं टोक, तिच्या मनात आलं.

मग रुमाल वर गेला. रुमाल खाली आला तेव्हा तोंड थोडं निराळं होतं, ओठ आत गेलेले, आणि सदऱ्याचा खिसा फुगला होता. हे तिनं आज पहिल्यांदा बघितलं असं नव्हतं. हा खिसा तिनं रोज बघितला होता. रोज धुतला होता. नवऱ्यानं त्याच क्षणी मान खाली घालून कागदात बघितलं. लेक सालं गोळा करू लागली. यांना माहीत आहे, तिला कळलं. सगळ्यांना माहीत आहे. आणि तिच्या हातातला चमचा बशीला लागून टक्‌ वाजला तसा तिला तो दुसरा आवाज आठवला, कवळी बसवल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतला. वडील बोलायला लागले की शब्दाशब्दाला टक, टक. तिला तो आवडलाही होता. वाटलं होतं, नव्या दातांचा नवा आवाज, बसेल हळूहळू. तो बसला नव्हता. वडीलच बोलायचे थांबले होते.

त्यांच्या आवाजावर तर ती लहानाची मोठी झाली होती. वडील बसचे वाहक होते, एकतीस वर्षं. शाळेच्या सुट्टीत ते तिला कधी कधी बसमध्ये बरोबर घेऊन जात आणि ती पुढच्या बाकावर पाय लोंबकळत ठेवून ऐकत राही. "पोटं आत, पाय पुढे! मंडळी, मागे माणसं आहेत, पुढे नुसतीच हवा आहे! काका, खांबाशी लग्न लावलंय का, सोडा की त्याला!" सगळी बस हसायची आणि हसता हसता पुढे सरकायची. तेव्हाचा त्यांचा एक फोटो होता, बसच्या दारात उभे, गाल भरलेले, टोपी मागे सरकलेली. दोन वर्षांपूर्वी आई गेली. मग वर्षभरात वडिलांचे उरलेसुरले दात काढावे लागले आणि चेहरा मिटलेल्या छत्रीसारखा झाला. तिला ते बघवेना. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जबड्याची मापं घेऊन दिली. बाइटही त्याच घेणार होत्या, पण ती म्हणाली, तेवढं मी घरी घेते, माझेच वडील आहेत. सात रविवार ती स्वयंपाकघराच्या टेबलावर बसली होती, समोर तो फोटो भांड्याला टेकून उभा. एकेक दात मेणात लावायचा, फोटो बघायचा, वडिलांचा चेहरा बघायचा. दातांच्या जागी मेणाचे कठडे त्यांच्या तोंडात बसवून ती म्हणाली होती, "बाबा, सहज मिटा." ते मिटले. गाल भरले नाहीत. तिनं मेणाची आणखी एक पट्टी चढवली. "आता मिटा." मग आणखी एक. आता गाल भरले, ओठांना बाक आला, आणि फोटोतला माणूस तिच्यासमोर खुर्चीत बसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोन मिलिमीटर, फार तर अडीच. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी तिनं शिकवलेलं होतं की उंची मनानं वाढवायची नसते, जबडा दिवसभर ताणलेला राहतो, हिरड्या सोलून निघतात. पण ते गिऱ्हाइकांसाठी होतं. मालकानं टेबलावर ते काम बघून विचारलंही होतं, "जरा उंच वाटतंय का?" आणि ती म्हणाली होती, "माझे वडील आहेत, मला माहीत." मालक म्हणाला, "हो, ते तर आहेच." आणि भिंग पुसू लागला.

कवळी बसवली त्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं. किती तरुण दिसायला लागले! शेजारीण तर लाजली. वडिलांनी आरशात बघितलं, बराच वेळ, आणि मग आरशातूनच तिच्याकडे बघितलं. तिनं विचारलं होतं, "छान बसली ना?" आता तिला तो प्रश्न पुन्हा ऐकू आला. विचारायची ही काय रीत? उत्तर आधीच आत बसवून वर प्रश्न चढवलेला. वडील म्हणाले होते, "एक नंबर." टक, टक.

बुधवारी ती कामावर गेली आणि काहीच नीट झालं नाही. एक सुळा तीनदा लावला आणि तीनदा काढला. हातावरचा विश्वासच उडाला होता. आजवर तिच्या हातून किती तोंडं भरली असतील? त्यांतली किती 'एक नंबर' म्हणून घरी जाऊन खिशात रुमाल ठेवू लागली असतील? मालक शेजारी येऊन उभा राहिला. ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा म्हणाला होतात." कशाबद्दल ते त्यानं विचारलं नाही. भिंगही पुसलं नाही. "एकदा म्हणून सोडून दिलं," तो म्हणाला, "ते माझं चुकलं." आणि आपल्या टेबलाकडे गेला. म्हणजे उंचीचं तिला आता पक्कं कळलं होतं, आज रात्रीपर्यंत ते उतरवताही आलं असतं, मेण, कानस, पॉलिश, तिला काय अशक्य होतं? घरी जायचं, म्हणायचं, बाबा, काढा ती, मला कळलंय. पण बसच्या खिडकीशी बसून ते वाक्य मनात म्हणून बघितलं तर तिला कळलं की हाही आठवाच हात. यातही ती बोलणार, तीच उत्तर देणार, आणि ते म्हणणार, अगं नाही, तशी बरी आहे. आणि उद्या गुरुवार. उद्या कोणी परका माणूस त्यांना विचारणार होता, आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, आणि ते तोंड मिटून बसणार होते, तिच्या कवळीची अब्रू राखत, आणि तो परका माणूस कागदावर तो लांबलचक थंड शब्द लिहिणार होता. तो शब्द एकदा लिहिला गेला की सगळे त्यांच्याशी हळू आणि मोठ्यानं बोलू लागणार होते. आणि एवढं सगळं त्यांना मान्य होतं, पण स्वतःच्या लेकीला 'टोचते' म्हणणं मान्य नव्हतं.

संध्याकाळी उद्यासाठी वडिलांचे केस नीट करायचे ठरले होते. ते खिडकीशी बसले, खांद्यांवर टॉवेल. खिसा सपाट होता, म्हणजे कवळी तोंडात, ती घरात आहे म्हणून. मुकादम खिडकीच्या कट्ट्यावर बसून देखरेख करत होता. आत लेक आणि नवरा होते, त्यांची कुजबुज चालली होती. तिनं मानेवरचे केस कातरले, पाणी लावलं, कंगवा घेतला. पहिल्यांदा कंगवा फिरवला तेव्हा वडिलांनी डोळे मिटले. केस इतके विरळ होते की विंचरण्यासारखं फारसं काही नव्हतं, तरी ती विंचरत राहिली, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. लहानपणी ते तिचे केस विंचरायचे, आईची घाई असली की, आणि गुंता आला की बसच्या आवाजात म्हणायचे, "मंडळी, पुढे सरका, मागची खोळंबलीत." चौथ्यांदा. पाचव्यांदा त्यांच्या पायाचा अंगठा हलला. सहाव्यांदा कानाजवळ जबड्याचा स्नायू ताठ झाला, सुटला, पुन्हा ताठ झाला. सातव्यांदा मानेच्या सुरकुतलेल्या कातडीवरून काहीतरी सरकत खाली गेलं, पाण्यावरून वारा जावा तसं.

तिनं कंगवा उचलला आणि हवेत धरला.

तिला खूप काही म्हणायचं होतं. सगळं घशाशी येऊन उभं होतं, भरलेल्या बसच्या दारात माणसं उभी राहतात तसं. तिनं काहीही म्हटलं नाही. छान झाले ना, असंही विचारलं नाही. आतली कुजबुज थांबली होती, लेक दारात येऊन उभी होती, तिच्यामागे नवरा, हातात तो भरलेला कागद. मुकादमाची शेपटी कट्ट्यावरून खाली लोंबत होती आणि अजिबात हलत नव्हती. थांबणं हेसुद्धा काम असतं आणि ते हाताला दुखतं, हे तिला नवं होतं. वडिलांनी डोळे उघडले. हात का थांबला ते बघायला त्यांनी मान वळवली. तिचा चेहरा बघितला, हवेत धरलेला कंगवा बघितला, आणि बराच वेळ बघत राहिले, आरशात बघितलं होतं तसंच. मग त्यांनी रुमाल काढला नाही. उघड उघड, सगळ्यांच्या देखत, दोन बोटं तोंडात घालून त्यांनी वरची काढली, मग खालची काढली आणि दोन्ही टॉवेलच्या टोकावर, मांडीत ठेवल्या. गाल आत गेले. फोटोतला माणूस निघून गेला आणि तिचे वडील तिथं उरले. त्यांनी जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवला, आणि बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा आवाज, थोडा बोबडा, पण त्यांचाच, सहा महिन्यांनी त्या घरात घुमला.

"टोचते गं, पोरी. पहिल्या दिवसापासून टोचते."